गळतंय कुठे, हवा येतेय कुठून

रात्री पावणेदोनच्या सुमारास पंप वाजला. टर्रर्र, जेमतेम दोन सेकंद, आणि गप्प. गाडीत आम्ही दोघंच, दोघंही पांघरुणात, सगळे नळ बंद. मग पाणी घेतलं कोणी?

"झोप गं, सकाळी बघू," नवरा म्हणाला. वीस मिनिटांनी परत टर्रर्र. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तोही उठून बसला, आणि डोक्याला टॉर्च बांधून आम्ही दोघं सिंकखालच्या कपाटात डोकी घालून बसलो. बाहेर गुहागरचा समुद्र गाजत होता, ओळखीच्यांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत छान गारवा होता, आणि डिसेंबरची ती रात्र आम्ही टिश्यू पेपरने पाइप पुसण्यात घालवली.

आमची गाडी म्हणजे एका शाळेने काढून टाकलेली जुनी ट्रॅव्हलर मिनीबस. पुण्यात सुतार, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशी माणसं हाताशी धरून आठ महिन्यांत तिचं घर केलं. पाण्याचं काम मात्र घरीच केलं. "त्यात काय आहे? एक टाकी, एक पंप, दोन नळ," हे वाक्य नवऱ्याचं. मी ते अजून अधूनमधून त्याला ऐकवते.

मागच्या चाकांच्या थोडं पुढे, बाकाखाली, १०० लिटरची प्लास्टिकची टाकी. भरली की नुसत्या पाण्याचंच वजन १०० किलो, म्हणून ती खाली आणि मध्याकडे. टाकीशेजारच्या फळीवर १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, म्हणजे आतली रबरी चकती मागेपुढे करून पाणी ढकलणारा. तिथून एक पाइप सिंकच्या नळाला, दुसरा मागच्या दाराशी लावलेल्या हँडशॉवरला. सांडपाण्यासाठी गाडीच्या पोटाखाली ४० लिटरची वेगळी टाकी. बस, एवढंच.

या पंपाला चालू-बंद करायला माणूस लागत नाही. त्याच्या डोक्यावर एक छोटा प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो, पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि आमच्या पंपात तो साधारण ४० पीएसआयला पोचला की स्विच वीज तोडतो. म्हणजे नळ बंद असताना पंप वाजला, तर दाब कुठून तरी उतरतोय. एक तर पाणी बाहेर पडतंय, नाहीतर आल्या वाटेने टाकीत परत जातंय. तिसरी वाट नाही. हे आता किती सोपं वाटतं! त्या रात्री आम्हाला पहिलीच वाट ठाऊक होती.

४० पीएसआय म्हणजे किती, तर सुमारे २८ मीटर उंचीवर टाकी ठेवल्यावर खाली नळाला मिळेल तेवढा दाब. नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि तळमजल्यावरचा नळ. आपल्या बंगल्यातल्या किंवा वाड्यातल्या नळांना याच्या चौथाईसुद्धा दाब नसतो, त्यामुळे तिथे हाताने कसाबसा बसवलेला जोड वर्षानुवर्षं निभावतो. गाडीत तोच जोड घाम फोडतो. त्यात कुंभार्ली घाटासारखा रस्ता असेल तर खडखडाटाने सैल होतो तो वेगळाच.

टिश्यू पेपरची युक्ती चांगली आहे. हात फिरवून ओल कळत नाही, कारण थंड पाइप हाताला ओलाच वाटतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यूचा तुकडा दाबून ठेवायचा आणि अर्ध्या तासाने बघायचं. सिंकखालच्या कोपऱ्यातल्या टिश्यूवर रुपयाएवढा डाग होता. प्लास्टिकचा नट नवऱ्याने पान्याने आवळला होता, त्याला केसाएवढी चीर गेली होती. प्लास्टिकचा नट हाताने घट्ट करायचा आणि वर फार तर पाव फेरा. आम्ही गच्चीवरच्या लोखंडी पाइपाचा न्याय त्याला लावला होता. सकाळी गुहागरच्या बाजारात नवा नट मिळाला, बसवला, आणि विजयाप्रीत्यर्थ उकडीचे मोदक खाल्ले.

त्या रात्री पंप चाळीस मिनिटांनी वाजला.

दुखणं अर्धं बरं झालं म्हणजे दुखणी दोन होती. सुदैवाने पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या प्लंबरने बांधणीच्या वेळीच बजावलं होतं, "मॅडम, जिथे तिथे कॉक टाका, पुढे उपयोगी पडतात." पंपाच्या तोंडाशीच एक कॉक होता. तो बंद केला. आता पुढचे सगळे पाइप आणि नळ हिशेबातून बाद. तरीही चाळीस मिनिटांनी टर्रर्र. म्हणजे पाणी बाहेर जात नव्हतं, पंपातूनच उलटं टाकीत उतरत होतं. पंपाच्या आत एकाच दिशेने उघडणारा रबरी पडदा असतो. विहिरीच्या मोटारीला जो फूटव्हॉल्व्ह, तेच काम. तो नीट मिटत नव्हता.

डोक्याचे स्क्रू काढले. पडद्याच्या कडेला नखाएवढी प्लास्टिकची साल अडकली होती, पांढरी, गोल वळलेली. ओळख पटायला वेळ लागला नाही. टाकीला भोक पाडताना निघालेला भुसा आम्ही तीन वेळा धुऊन काढला होता, पण प्लास्टिकचा भुसा आतल्या भिंतीला चिकटून बसतो आणि महिनाभराने सुटतो. अशासाठीच पंपाच्या आधी गाळणी लावायची असते. आमची गाळणी ड्रॉवरमध्ये होती. तिचे आटे आमच्या पाइपाच्या निप्पलवर, म्हणजे आटे पाडलेल्या छोट्या जोडनळीवर, बसेनात म्हणून "नंतर बघू" म्हटलं होतं.

इथे एक गोष्ट सांगते. दाब साठवणारा छोटा डबा पंपापुढे लावण्याची पद्धत आहे. आत हवेची पिशवी असते, त्यामुळे पंप थोड्या थोड्या पाण्याला सुरू होत नाही. चांगली वस्तू आहे, नंतर आम्हीही लावली. पण ती आधीच असती तर पंप वीस मिनिटांऐवजी दोन-तीन तासांनी वाजला असता, आम्ही कूस बदलून झोपलो असतो आणि चिरलेला नट कपाटाचं प्लायवुड महिनाभर भिजवत राहिला असता. नवी गाडी बांधणाऱ्याने पहिले दोन महिने तो डबा लावू नये, हे माझं मत.

तर गाळणी. बाजारातून अर्धा इंची निप्पल आणला. दोन फेरे सरळ गेला, मग अडखळला. नवऱ्याने वर टेफ्लॉन टेपचे बारा-पंधरा वळसे घातले आणि जोर लावून बसवला. टिश्यू लावून पाहिला: कोरडा ठणठणीत. रात्रभर पंप वाजला नाही. आम्ही निर्धास्त होऊन दुसऱ्या दिवशी तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरलो आणि गणपतीपुळ्याच्या वाटेला लागलो.

आणि नळ खोकायला लागला. फस्स, पाणी, फस्स, फस्स, पाणी. पंप सुरू झाला की थांबायचं नाव घेईना. गंमत म्हणजे टाकी भरलेली असली की सगळं ठीक, अर्ध्याच्या खाली गेली की खोकला सुरू.

पहिला संशय विजेवर. बॅटरीवर १२.७ व्होल्ट, पंप चालू असताना पंपाच्या टोकांवर ११.३. हे मात्र खरंच चुकलं होतं. बॅटरी ते पंप पाच मीटर, जाऊन-येऊन दहा मीटर वायर, तीही १ चौरस मिलिमीटरची. घरातल्या दिव्यांना टाकतात ती. पंप ७ अँपिअर खेचतो. एवढ्या वायरीत सव्वा व्होल्ट असाच गरम होऊन जातो. जयगडला ४ चौरस मिलिमीटरची वायर मिळाली, बदलली. पंपाचा आवाज एकदम भारदस्त झाला आणि नळ दुप्पट जोमाने खोकू लागला.

दुसरा संशय टाकीच्या श्वासनळीवर. टाकीतून पाणी निघालं की तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी वर एक बारीक नळी असते. टॉर्च घेऊन बाकाखाली पाहिलं तर टाकीच्या दोन्ही बाजू आत गेलेल्या, पाच दिवस उपाशी असल्यासारख्या. नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा. तो मीच कोंबला होता, कुंभार्ली घाटाच्या वळणांवर त्यातून पाणी हिंदकळून गादीवर येत होतं म्हणून. बोळा उपसला तसा 'भक्क' आवाज करून टाकीने पोट फुगवलं. नंतर ती नळी छताजवळ नेऊन परत खाली वळवली; तेव्हापासून पाणीही येत नाही आणि टाकीही गुदमरत नाही. पण त्या दिवशी बोळा काढूनही खोकला पुरता गेला नाही.

मग आम्ही परत टिश्यू घेऊन सगळे जोड तपासले. सगळे कोरडे. परत तपासले. नवरा म्हणाला, पंपच गेलाय, नवा मागवू. मी म्हटलं, नव्या पंपाला चार महिने झालेत. यावर बरंच बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही.

रत्नागिरीकडे जाताना रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान दिसलं. आंब्याला मोहोर धरायचे दिवस, बागायतदारांच्या फवारण्या जोरात, त्यामुळे दुकानासमोर पंपांचा ढीग. पाठीवरचे बॅटरीचे पंप पाहून मला प्रश्न पडला, यात मोटर कोणती असते? विचारलं. १२ व्होल्टची, डायफ्रॅमची, प्रेशर स्विचवाली. म्हणजे आमच्याच पंपाचं धाकटं भावंड! पुण्याहून निघताना आम्ही या पंपाचा मेकॅनिक फक्त मोठ्या शहरात सापडेल असं धरून चाललो होतो, आणि असा माणूस कोकणातल्या, विदर्भातल्या, कुठल्याही शेतीच्या गावात असतो.

दुकानदार काका गाडीत चढले, नळ उघडायला सांगितला आणि पंपाकडे न बघता नुसतं ऐकत उभे राहिले.

"गळत नाय हो ताई. हवा खातोय."

"पण सगळे जोड कोरडे आहेत."

"कोरडेच असणार. पंपाच्या पुढं भोक असलं तर पाणी बाहेर येतं. पंपाच्या मागं असलं तर हवा आत जाते. ती दिसणार कशी?"

त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि पंप चालू असताना टाकीकडून येणाऱ्या पाइपाच्या एकेका जोडावर थेंब थेंब पाणी सोडलं. टाकीच्या कॉकवर काही नाही. क्लिपवर काही नाही. गाळणीच्या निप्पलवर थेंब पडले आणि पंपाचा आवाज बदलला. खरखर गेली, घट्ट एकसुरी आवाज आला. फटीने हवेऐवजी ते थेंब ओढून घेतले होते. पाणी सुकलं तशी खरखर परत.

मला तिथेच आमच्या नगरकडच्या विहिरीची मोटर आठवली. मोटर पाणी धरेना की वडील सक्शनच्या जोडाला ओली माती लिंपायचे, वरच्या बोळक्यात तांब्याने पाणी ओतायचे आणि कान देऊन ऐकायचे. तांब्या मी भरून द्यायची. चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेली ही गोष्ट गाडीच्या बाकाखाली ओळखता आली नाही, कारण पंप दिसायला गोंडस होता आणि त्याच्यासोबत इंग्रजी पुस्तिका होती.

टाकी भरलेली असताना पाण्याची पातळी पंपापेक्षा वर असते, पाणी आपणहून पंपाकडे येतं, ओढ कमी लागते. अर्ध्याखाली गेली की पंपाला वर खेचावं लागतं, आणि खेचताना पाण्यापेक्षा हवा सोपी.

काकांनी निप्पल काढला, गाळणीचे आटे आणि निप्पलचे आटे उजेडात एकावर एक धरले. "हा विलायती, हा आपला. दोन फेरे जाणार, तिसऱ्याला अडणार. टेप लावून पाणी थांबंल, हवा नाय थांबायची." मागाहून मी खात्री करून घेतली. गाळणी अमेरिकन मापाची, निप्पल आपल्याकडे चालतो त्या ब्रिटिश मापाचा. अर्धा इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे ते एकमेकांत जातात आणि आपण फसतो. पण आट्याचा कोन एकाचा ६० अंश, दुसऱ्याचा ५५. शिवाय अमेरिकन आटे टोकाकडे निमुळते. मापं मुळीच जुळत नसती तर आम्ही दुकानातच निप्पल परत केला असता.

त्यांनी निप्पलच उडवला. गाळणीच्या दुसऱ्या नळीवर जाड रबरी पाइप सरळ चढवला, दोन क्लिपा, त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. नळ उघडला. एक खोकला, शेवटचा, आणि मग काचेसारखी सलग धार. पन्नास रुपये घेतले.

जाताना मी विचारलं, एखादी जुनी मोटर सुटी मिळेल का, अडीनडीला? त्यांनी मानच हलवली. "जुनी नको. औषध ओढलेली असते, धुऊन जात नाय. कृषी सेवा केंद्रात नवी घ्या."

पुढचा त्रास वासाचा. मालवणला पोचेपर्यंत सिंकजवळ कुजक्या अंड्याचा वास. टाकीचं पाणी नासलं म्हणून ओतून देण्याआधी एक करावं: ग्लासभर पाणी घ्यावं, गाडीतून उतरून लांब जाऊन हुंगावं. आमच्या ग्लासातल्या पाण्याला वास नव्हता. वास सिंकच्या मोरीतून येत होता. मोरीखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी तुंबून राहतं, तेच सांडपाण्याच्या टाकीतली हवा अडवतं. घाटात ते हिंदकळून निघून जातं आणि वाट मोकळी होते. घाट उतरला की सिंकमध्ये भांडंभर पाणी ओतायचं, हा त्यावरचा संपूर्ण इलाज. सांडपाण्याची टाकी मात्र दर दोन दिवसांनी जिथे परवानगी असेल तिथे, संडासात किंवा गटारात रिकामी करावी. रस्त्याकडेला कॉक सोडणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्याशी भांडलेही आहे.

पिण्याचं पाणी आम्ही वेगळ्या जारमध्ये ठेवतो, तरी टाकी दर तीन महिन्यांनी निर्जंतुक करतोच, कारण भांडी आणि दात त्याच पाण्यात. १०० लिटर भरलेल्या टाकीला ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं, म्हणजे पाइपही धुतले जातात. मग चार तास तसंच ठेवायचं, मध्ये गाडी थोडी फिरवली तर उत्तम, टाकीचं छतही भिजतं. नंतर सगळं काढून दोनदा साध्या पाण्याने खळबळायचं. पहिल्या वेळी आम्ही ग्रामपंचायती वापरतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणली आणि सरळ टाकीत ओतली. त्यात चुना असतो. तो तळाशी बसला आणि गाळणी लपेटून गेली. पावडर वापरायचीच तर बादलीत कालवून, वरची निवळी तेवढी घ्यायची. गावच्या विहिरीत पावडर टाकणारा जलसुरक्षक तेच करतो, हे मला पन्नाशीत कळलं.

क्षार हे आमच्या माहेरचं दुखणं. कोकणात जांभ्याच्या विहिरींचं पाणी आमच्या क्षार मोजायच्या मीटरवर शंभराच्या आत येतं, नगरला बोअरचं नऊशेच्या घरात. तिथे आठवडाभर राहिलो की शॉवरची भोकं बुजतात आणि टाकीच्या पातळीचे सेन्सर रिकाम्या टाकीलाही भरलेली म्हणतात, कारण त्यांच्यावर पापुद्रा चढतो. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवलं की सुटतो. एकच काळजी: आम्लाचं काम आणि क्लोरीनचं काम कधी एकत्र करायचं नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत तो जीवघेणा ठरू शकतो.

माझा मावसभाऊ जर्मनीत, स्टुटगार्टला असतो, त्याच्याकडेही अशी गाडी आहे. मी त्याला गुहागरच्या रात्रीची गोष्ट सांगितली तर त्याने त्याची सांगितली. पहिल्याच थंडीत सकाळी उठून पाहतो तर गाडीखाली तळं. गरम पाण्याचा बॉयलर रिकामा. त्यानेही सगळे जोड पुसून पाहिले, तासभर. शेवटी पुस्तिका वाचली. तिकडच्या बॉयलरला एक झडप असते, ती पारा ३ अंशांच्या आसपास आला की आपोआप उघडते आणि पाणी सोडून देते, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि बॉयलर फोडतं. त्याच्या गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं. "आपण जोड आवळत बसतो," तो म्हणाला, आणि मला फारच बरं वाटलं.

आता निघण्याच्या आदल्या रात्रीची सवय ठरली आहे. टाकी अर्धी भरायची, भरलेली नाही, कारण भरलेली टाकी हवेची चूक झाकते. पंप चालू करायचा, दाब भरला की नळ सगळे बंद ठेवून झोपायचं आणि पंप वाजतो का ते ऐकायचं. गाळणीची वाटी फिरवून उघडायची, जाळी धुवायची. क्लिपांना एकेक पिळा. परत आल्यावर सगळं पाणी सोडून नळ उघडे टाकायचे. टाकीला काळं कापड गुंडाळलंय. पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड आत जायचा आणि शेवाळ धरायचं.

ड्रॉवरमध्ये दोन नट, चार क्लिपा, टेपचं एक रीळ, पंपाचा सुटा पडदा आणि एक डबा. गेल्या उन्हाळ्यात शेवगावजवळ पंपाचा प्रेशर स्विच जळाला तेव्हा तो डबा उघडला, आतली फवारणीची मोटर जोडली आणि तीन दिवस करंगळीएवढ्या धारेवर भांडी घासली. ती मोटर पुसून परत डब्यात गेली आहे. डब्यावर नवऱ्याने मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: कोरी घेतलेली. औषध ओढलेलं नाही.